मातीच्या खाजगी बांधाची दुरुस्ती : सप्टेंबर २०२४ ते डिसेंबर २०२५ या काळातील नोंदी

बार्शी तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावरून येणाऱ्या एका ओढ्यावर, आमच्या मालकीच्या जमिनीत मातीचा एक लहान बांध आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर, १९७४ साली आजोबांनी तो घातला. माती वडार मंडळींच्या गाढवांवरून आली आणि पाणी शिंपडून ती माणसांच्या व जनावरांच्या पायांनीच दाबली गेली. पायथ्यापासून माथ्याची उंची ६.२ मीटर, लांबी १४० मीटर, माथ्याची रुंदी जेमतेम २ मीटर आणि पूर्ण भरल्यावर साठा सुमारे ३२ हजार घनमीटर. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटर उंचीच्या, ठरावीक अटींत बसणाऱ्या धरणांना लागू होतो. आमचा बांध त्यात येत नाही, त्यामुळे त्याची नियमित पाहणी करायला बाहेरून कोणी येणार नाही. बांधाच्या खाली ४०० मीटरवर अकरा घरांची वस्ती आहे आणि त्यांपैकी एक घर माझ्या चुलत्यांचे आहे.

ज्यांच्या शेतात असा जुना बांध आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून माझ्या वहीतील नोंदी येथे उतरवल्या आहेत. ज्या चुकांमुळे धोका वाढला, त्या मुद्दाम सविस्तर लिहिल्या आहेत.

२९ सप्टेंबर २०२४

तलाव भरून सांडवा (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) दोन दिवसांपासून वाहत आहे. चुलते, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, सकाळी गुरे घेऊन बांधाच्या मागे, म्हणजे पाणी नसलेल्या बाजूला, गेले असता त्यांना पाण्याच्या जुन्या पाइपाच्या तोंडाशी बोटाएवढी धार दिसली. पाइपाचा दट्ट्या बंद आहे आणि पाइपाच्या आत फक्त ओल आहे. धार पाइपाच्या बाहेरून, त्याच्या खालच्या अंगाने येत आहे. आबांनी मला हाक मारून एवढेच सांगितले, “पाणी गढूळ आहे रे, हे बरं नाही.”

१५ लिटरची बादली धारेखाली धरली, ती ५० सेकंदांत भरली. काचेच्या बरणीत पाणी भरून ओट्यावर ठेवले. संध्याकाळी बरणीच्या तळाशी करंगळीच्या नखाएवढा मातीचा थर बसलेला होता.

हा थर किती गंभीर आहे, हे मला त्या दिवशी कळले नाही. मातीच्या बांधातून थोडे पाणी पाझरतेच आणि ते स्वच्छ असेल तर नोंद ठेवून लक्ष ठेवता येते. पाणी गढूळ असेल, तर बांधाच्या पोटातली माती बाहेर चालली आहे आणि आत पोकळी वाढते आहे.

३ ऑक्टोबर २०२४

आज बादली ३८ सेकंदांत भरली. घाबरून मी जे केले ते चुकीचे होते. जेसीबी बोलावला, सहा ट्रॉल्या काळी माती आणून बांधाच्या मागच्या बाजूला, धारेच्या तोंडावर टाकली आणि बकेटने थोपटून घट्ट बसवली. अर्ध्या तासात धार थांबली. आम्ही सगळे समाधानाने घरी आलो. खर्च २३ हजार रुपये.

९ ऑक्टोबर २०२४

मागच्या उतारावर, पाइपाच्या तोंडापासून सुमारे १.४ मीटर उंचीवर, गवत एका पट्ट्यात हिरवेगार आणि लवलवीत दिसू लागले होते. तेथे पाय ठेवला तर टाच रुतली. त्या पट्ट्याच्या खाली उतार पोट सुटल्यासारखा पुढे आला होता आणि वरच्या अंगाला चंद्रकोरीच्या आकाराची, तीन-चार मीटर लांबीची भेग पडली होती. भेगेत माझी चार बोटे सहज गेली.

नात्यातल्या एकांच्या ओळखीने जलसंधारणाच्या कामात आयुष्य गेलेले, सोलापूरला राहणारे एक निवृत्त शाखा अभियंता दुपारी आले. त्यांनी आधी भेग पाहिली, मग मी टाकलेली माती पाहिली आणि विचारले, “ही माती कोणी टाकायला सांगितली तुम्हाला?” मी म्हणालो, कोणीच नाही, मीच टाकली. ते म्हणाले, “मागच्या बाजूनं पाणी कधीच अडवायचं नसतं. पाण्याला वाट द्या, फक्त त्या वाटेनं मातीचा कण जाऊ देऊ नका. तुम्ही बूच मारलंत, म्हणून पाणी आत चढलं आणि सगळा उतार भिजला. आज रात्री इथं माणूस ठेवा.”

रात्री आबा आणि मी आलटून पालटून बसलो. वस्तीवरच्या अकराही घरांना सांगून ठेवले आणि म्हातारी माणसे व लहान मुले वरच्या अंगाच्या नातेवाइकांकडे झोपायला गेली. २ जुलै २०१९ रोजी रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, तेव्हा गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. रात्रभर तेच मनात येत होते. आमच्या बांधाची तक्रार मी माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे करणार होतो?

१० ऑक्टोबर २०२४

काल आलेल्या अभियंता साहेबांच्या देखरेखीखाली काळी माती हाताने, फावड्या-घमेल्यांनी काढली. एकदम काढली असती तर साठलेले पाणी जोराने उसळले असते, म्हणून वरून खाली, थोडी थोडी काढली. धार पुन्हा सुरू झाली. त्याबरोबर तिच्यावर उलटी गाळणी घातली. मातीला लागून ३० सेंटिमीटर जाड धुतलेली वाळू, तिच्यावर तेवढ्याच जाडीची बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी आणि शेवटी वजनासाठी हाताने रचलेले दगड. वाळू मातीचे कण धरते, बारीक खडी वाळूला धरते आणि मोठी खडी बारीक खडीला धरते. क्रम बदलला, म्हणजे मोठी खडी थेट मातीवर टाकली, तर माती खडीच्या फटींतून निघून जाते आणि गाळणीचा उपयोग होत नाही.

संध्याकाळपर्यंत दगडांमधून पाणी येत होते. बादलीला ४४ सेकंद लागले. बरणीतले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही स्वच्छ होते. हा उपाय तात्पुरता आहे, हे साहेबांनी तीनदा बजावले.

११ ऑक्टोबर ते २० नोव्हेंबर २०२४

तलाव रिकामा करायचा ठरला. पाइप वापरायचा नाही, म्हणून दोन मोटारी लावल्या. माझी घाई अशी होती की, चार मोटारी लावून आठ दिवसांत तळ गाठावा. साहेबांनी ते करू दिले नाही. काळ्या मातीच्या पोटातले पाणी हळू उतरते. बाहेरचे पाणी त्याच्याआधी झपाट्याने गेले, तर भिजून जड झालेला पाण्याकडचा उतार आधार सुटून तलावात घसरतो. त्यांनी सांगितलेले माप दिवसाला एक वीत, त्याहून जास्त नाही. मी काठावर बांबू रोवून त्याला वितीवितीवर रंगाचे पट्टे मारले आणि रोज सकाळी पाहून मोटारी चालू-बंद केल्या. मध्ये दोनदा पाऊस झाल्यामुळे पातळी परत चढली आणि चाळीस दिवस गेले. पाणी ज्वारीला आणि शेजाऱ्यांच्या हरभऱ्याला दिले.

डिसेंबर २०२४

पाणी गेल्यावर पाण्याकडच्या पायथ्याशी मला माझी दुसरी चूक दिसली. मे महिन्यात आम्ही शेतात टाकण्यासाठी तलावातला गाळ काढला होता. गाळ चांगला होता, म्हणून ऑपरेटरला बांधाच्या अगदी पायथ्यापर्यंत जाऊ दिले. तिथे जेसीबीने गाळाखालचा मुरूम उघडा पाडला होता. पन्नास वर्षांत साठलेला तो चिकट गाळ म्हणजे तळावर आपोआप घातलेले अस्तर होते. ते फाडल्यावर पाणी मुरमातून बांधाच्या पायाखाली शिरले. मागच्या बाजूला उजव्या अंगाची जमीन या वर्षी प्रथमच चिबड (पाणथळ) का झाली, याचे उत्तर त्या उघड्या मुरमात होते. गाळ काढणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की, पायथ्यापासून निदान १५ ते २० मीटर अंतर सोडावे आणि मुरूम लागताच थांबावे. तो खड्डा आम्ही पुढे एप्रिलमध्ये काळी माती थराथराने दाबून भरला आणि अस्तर पायथ्यापासून १२ मीटर पुढे नेले.

याच महिन्यात बांधावरची वेडी बाभूळ आणि झुडपे काढली. मनगटाहून जाड खोडे मुळांसकट काढून खड्डे मुरूम-माती दाबून भरले. फक्त कापून सोडलेले झाड आत कुजते आणि त्याच्या मुळांच्या जागी नळ्या राहतात. घुशींची सात बिळे सापडली. प्रत्येक बीळ शेवटापर्यंत उकरून भरले. डाव्या टोकाला आजोबांच्या हातचा कडुनिंब आहे, तो पायथ्यापासून नऊ मीटर दूर असल्याने ठेवला.

१२ जानेवारी २०२५

गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी घेऊन सगळ्या बांधाची पातळी तपासली. दर पाच मीटरवर खुंटी ठोकून मोजले. मध्यभागी माथा दोन्ही टोकांपेक्षा ३५ सेंटिमीटर खाली बसलेला आहे, तोही नेमका पाइपाच्या वर. नुसत्या डोळ्यांना हे कधीच दिसले नव्हते.

सांडव्याची गोष्ट लिहिणे भाग आहे. मूळ सांडव्याचा उंबरा, म्हणजे ज्या कडेवरून पाणी बाहेर पडते ती, माथ्यापासून १.५ मीटर खाली आहे. २०१८ च्या कोरड्या वर्षी, थोडे पाणी जास्त साठावे म्हणून वडिलांनी आणि मी उंबऱ्यावर ४० सेंटिमीटर उंचीची दगडांची ओळ रचून सिमेंटने सांधली. म्हणजे मध्यभागी खचलेल्या माथ्यापर्यंत अंतर उरले फक्त ७५ सेंटिमीटर. १४ ऑक्टोबर २०२० रोजी सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, त्या रात्री पाणी माथ्यापासून एका वितीवर येऊन थांबले होते. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की मागचा उतार कापला जातो आणि मग काही करता येत नाही. आम्ही त्या वेळी देवाचे आभार मानले आणि दगडांची ओळ तशीच ठेवली. ती आज फोडली.

साहेबांनी सांडव्याचा हिशोब वहीत करून दाखवला. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र ९० हेक्टर. तासाला ६० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला निम्मा वाहून आला, तर सेकंदाला ७.५ घनमीटर पाणी येते. ६ मीटर रुंदीच्या सांडव्यावरून ६० सेंटिमीटर उंचीने जेमतेम पावणेपाच घनमीटर जाते. रुंदी १२ मीटर केली तर साडेनऊ जाते आणि वर ९० सेंटिमीटर कोरडी उंची शिल्लक राहते. १२ मीटरच करायचे ठरले.

४ ते ८ मार्च २०२५

पाइप सिमेंटने भरून जागेवरच सोडावा की बांध कापून काढून टाकावा, यावर दोन महिने विचार झाला. भरून टाकणे स्वस्त होते. पण धार पाइपाच्या बाहेरून होती आणि बाहेरची पोकळी किती लांब गेली आहे हे आतून कळणार नव्हते. शेवटी कापायचे ठरले. तळाला २ मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना एकास एक उतार ठेवून कापले. उभ्या भिंती ठेवल्या असत्या, तर नवी माती खाली बसताना जुन्या मातीपासून सुटून उभी फट पडली असती. निघालेली माती सुमारे २०० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट).

७ तारखेला दुपारी पाइप उघडा पडला. ९ इंची सिमेंटचे पाइप, दोन-दोन मीटरचे. मागच्या तोंडाकडून तिसऱ्या सांध्याचा गिलावा पूर्ण गेलेला होता आणि त्या सांध्यातून अंगठ्याएवढे बाभळीचे मूळ आत शिरले होते. आत गेल्यावर ते चपटे होऊन जटांसारखे पसरले होते. मी गुडघे टेकून पाइपाच्या खाली हात घातला. पाइपाच्या गोलाईखाली, जिथे माती दाबायला पाय किंवा धुम्मस (माती ठोकून दाबायचे जड अवजार) पोहोचू शकत नाही तिथे, माझा हात कोपरापर्यंत आत गेला. पोकळीची बाजू हाताला साबणासारखी गुळगुळीत लागत होती आणि तळाशी बारीक रेतीची, वाहत्या पाण्याने रचलेली, एक रेघ होती. टॉर्च लावून पाहिले तर पोकळी चौथ्या सांध्यापर्यंत गेलेली होती आणि पुढे अरुंद होत होती. आबांनी वाकून पाहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

साहेबांनी तिथेच पानशेतची आठवण काढली. १२ जुलै १९६१ रोजी ते धरण फुटण्याआधी विमोचकावरचा, म्हणजे पाणी सोडण्याच्या भरावाखालच्या मार्गावरचा, भराव खचत गेला होता आणि जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली होती. बांधाच्या पोटातून जाणारा पाइप ही मातीच्या बांधातली सगळ्यांत नाजूक जागा असते, मग बांध केवढाही असो. आमचा माथा पाइपाच्या वरच का खचला होता, हे त्या पोकळीत हात घातल्यावर समजले.

१० मार्च २०२५

भरावासाठी मातीची निवड. शेतातल्या दोन जागांची माती पाहिली. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे स्वच्छ पाण्याच्या पेल्यात हरभऱ्याएवढे ढेकूळ, न हलवता, अलगद सोडले. पहिल्या जागेच्या ढेकळाभोवती दहा मिनिटांत दुधासारखा ढग पसरला. अशी माती पाण्यात आपोआप विरघळत जाते, ती बांधाला चालत नाही. दुसऱ्या जागेचे ढेकूळ मोडून तळाशी बसले, पण पाणी निवळ राहिले. दुसरी माती घेतली. ती ३०० मीटर लांब आहे, त्यामुळे वाहतूक वाढली. गाभ्याला ही काळी माती आणि दोन्ही बाहेरच्या अंगांना मुरूम असा छेद ठरला. काळी माती उघडी ठेवली तर आमच्याकडच्या उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

१२ ते १५ मार्च २०२५

येथे चार दिवस आणि सुमारे २० हजार रुपये वाया गेले. पहिले तीन थर आम्ही कोरड्या मातीचे टाकले, वरून टँकरने पाणी मारले आणि रोलर फिरवला. वरून पृष्ठभाग फरशीसारखा दिसत होता. साहेबांनी पहारीने खणायला लावले. वरचे चार बोटे चिखल, खाली कोरडी, भुसभुशीत ढेकळे. तिन्ही थर उपसून काढले. पाणी थरावर मारून भागत नाही. माती जिथून काढायची त्या खाणीतच आदल्या दिवशी पाणी सोडून ती मुरवावी लागते. ओलाव्याची परीक्षा अशी की, मुठीत दाबल्यावर लाडू वळावा, तळहाताला चिकटू नये आणि छातीच्या उंचीवरून टाकल्यावर त्याचे दोन-चार तुकडे व्हावेत. चपटा झाला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी.

१६ मार्च ते १० एप्रिल २०२५

दाबल्यानंतर १५ सेंटिमीटर या मापाने एकूण ४१ थर झाले. प्रत्येक थराआधी खालचा थर दाताळ्याने खरवडून, ओला करून घेतला, नाहीतर एकावर एक ठेवलेल्या पत्त्यांसारखी दोन थरांमध्ये फट राहते आणि पाण्याला वाट मिळते. कडेला, जुन्या-नव्या मातीच्या सांध्यावर, रोलर पोहोचत नाही. तेथे धुम्मसने दाबले आणि प्रत्येक थराला जुन्या उतारात हातभर पायरी कापून घेतली. दिवसाला दोन थर, क्वचित तीन. पाडव्याला आणि गावच्या जत्रेला काम बंद राहिले.

गाभ्याच्या मागे ८० सेंटिमीटर जाडीचा वाळूचा उभा पडदा थरांबरोबरच वर आणत गेलो आणि तो तळाशी खडीच्या चरातून मागच्या पायथ्याबाहेर काढला. पुढे कधी गाभ्याला भेग पडली, तर पाणी या वाळूत उतरून बाहेर जाईल आणि माती आतच राहील. वाळूचा पहिला ट्रक परत पाठवावा लागला. तो क्रश सँडचा, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूचा, होता. बाटलीत पाण्याबरोबर हलवून ठेवल्यावर वर बोटभर पांढरी पूड बसली. एवढी पूड असेल तर पडदाच तुंबतो. धुतलेली वाळू ९ ब्रास लागली, ६,५०० रुपये दराने.

२१ मे २०२५

या वर्षी मे महिन्यातच पावसाने गाठले. माथा पूर्ण झाला आहे, मध्यभागी पुढच्या बसणीसाठी १० सेंटिमीटर जादा ठेवले आहेत, पण सांडव्याचे काम अर्धवट आहे. उंबऱ्याचे काँक्रीट झाले आणि पुढच्या उताराचे दगडी पिचिंग (दगड रचून केलेले अस्तर) बाकी. दोन दिवसांत तलावात दीड मीटर पाणी आले. पातळी सांडव्यापर्यंत येण्यास अजून बराच अवकाश होता, तरी गवंड्यांना सणकाडीच्या मांडवाखाली काम करायला लावून ३० मेपर्यंत पिचिंग संपवले. सांडव्याआधी माथा उरकण्याचा आमचा क्रम चुकला. पावसाळ्याआधी वेळ कमी पडण्याची शक्यता असेल, तर सांडवा आधी करावा.

८ जून २०२५

पाणी सोडण्यासाठी आता बांधाच्या पोटात पाइप नाही. ११० मिलिमीटरचा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप माथ्यावरून नेऊन वक्रनलिका (सायफन) केली. तलावातल्या टोकाला फूट व्हॉल्व्ह (पाइपातले पाणी परत जाऊ न देणारी झडप), माथ्यावर पाणी भरण्यासाठी टी (तीन तोंडांचा जोड) आणि झाकण, खालच्या टोकाला व्हॉल्व्ह. पहिल्या दिवशी धार दहा मिनिटांत तुटली. टीच्या झाकणाच्या आट्यांतून हवा शिरत होती. रबरी वॉशर आणि ग्रीस लावल्यावर चालू राहिली. पाणी उचलण्याची उंची आमच्याकडे साडेपाच मीटरपर्यंत जाते, त्यामुळे ती चालते. बांध याहून फार उंच असेल तर हा उपाय चालणार नाही.

१५ जून २०२५, खर्चाची नोंद

जेसीबी ९६ तास, १,१०० रुपये दराने १ लाख ५ हजार ६०० रुपये. दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या ९० हजार, रोलर ५४ हजार, टँकर २१,६००. वाळू ५८,५००, खडी आणि दगड ३६ हजार, वक्रनलिका ३८ हजार, सांडवा ६४ हजार. ऑक्टोबरमधल्या चुकीच्या भरावाचे २३ हजार. एकूण ४ लाख ९० हजार ७०० रुपये. कोरड्या थरांचे २० हजार रोलर, टँकर आणि ट्रॅक्टरच्या रकमेतच आहेत. घरच्या माणसांची मजुरी धरलेली नाही. तलाव रिकामा असल्यामुळे अर्ध्या एकर डाळिंबाचा आंबे बहार धरता आला नाही, ते नुकसान वेगळे. साहेबांनी एक रुपयाही घेतला नाही. त्यांना हुरड्याला बोलावले होते, तेवढेच.

२४ सप्टेंबर २०२५

सीना नदीला मोठा पूर आला आहे आणि खालच्या गावांचे फार हाल आहेत. आमचा ओढाही रात्रभर दुथडी होता. तलाव याआधी ऑगस्टमध्ये दोन मीटर, मग साडेतीन मीटर असा टप्प्याटप्प्याने भरला होता आणि प्रत्येक टप्प्यावर वक्रनलिकेने पातळी आठवडाभर धरून पाहणी केली होती. काल रात्री सांडव्याच्या उंबऱ्यावरून जास्तीत जास्त २८ सेंटिमीटर पाणी गेले. माथ्याला अजून १.२२ मीटर अंतर होते. २०२० ची वीत आठवली. रात्री दर दोन तासांनी टॉर्च घेऊन मागच्या पायथ्यावरून चाललो. उतार कोरडा होता.

सकाळी खडीच्या चराच्या तोंडाशी बादली धरली. ७० सेकंद. बरणी ओट्यावर ठेवली.

२५ सप्टेंबर २०२५

बरणीच्या तळाशी काही नाही. उजव्या अंगाची चिबड जमीन या वर्षी कोरडी आहे.

१४ डिसेंबर २०२५

पातळी उंबऱ्याखाली ६० सेंटिमीटर, बादलीला ९५ सेकंद, पाणी स्वच्छ. नळीने माथ्याची पातळी पुन्हा घेतली. नवा भराव मध्यभागी ४ सेंटिमीटर बसला आहे, जादा ठेवलेले ६ शिल्लक आहेत. मागच्या उतारावर डाव्या अंगाला घुशीचे एक नवे बीळ आहे, ते उद्या उकरायचे. सांडव्याच्या पिचिंगमधले तीन दगड पुराने सैल केले आहेत. वस्तीवरच्या अकरा घरांचे फोन नंबर आणि रात्री बांधाकडे कोणी जायचे याची पाळी आबांनी एका पुठ्ठ्यावर लिहून मोटारीच्या खोलीत लावली आहे. बादली, बरणी आणि वही त्याच खोलीत आहेत. पुढची मोजणी १ जानेवारीला, आबांची पाळी.